आधी नकाशा ठरवा, मग ड्रोन : हवाई मोजणीसाठी ड्रोन निवडताना

एक हेक्टर जागेवर पसरलेला खडीचा साठा ड्रोनने मोजायचा आहे, असं समजा. फोटो छान आले, नकाशा स्वच्छ दिसतोय, फक्त उंचीत सगळीकडे पाच सेंटिमीटरची चूक आहे. पाच सेंटिमीटर म्हणजे जेमतेम तीन बोटांची रुंदी. पण १०,००० चौरस मीटर गुणिले ०.०५ मीटर म्हणजे ५०० घनमीटर. एका डंपरमध्ये १० घनमीटर माल धरला, तर पन्नास डंपर खडी कागदावर जास्तीची चढली किंवा कागदावरून गायब झाली.

तुमच्या कामात ही चूक किती येईल, ते ड्रोनच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. तिथे उड्डाणाची मिनिटं असतात, मेगापिक्सेल असतात, रिमोट किती किलोमीटरपर्यंत चालतो ते असतं. हे सगळं ड्रोनविषयी झालं. तुम्हाला हवा आहे तो नकाशा, आणि नकाशाचा गुण एकाच गोष्टीवर ठरतो : त्यातलं माप प्रत्यक्ष जमिनीशी किती जुळतं. म्हणून या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारतो, ‘तुमच्या कामात चूक किती चालेल?’ त्याचं उत्तर सेंटिमीटरमध्ये मिळालं की तिथून उलट्या दिशेने चालत ड्रोनपर्यंत पोहोचता येतं. उत्तर नसेल तर दुकानातला सगळ्यात महाग ड्रोनही उपयोगाचा ठरेलच असं नाही.

फोटोंचा नकाशा होतो कसा

हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखा वाटतो. अंगठा जवळ आणला की जास्त सरकतो, लांब नेला की कमी. दोन जागांवरून पाहिल्यावर वस्तू किती सरकली यावरून ती किती लांब आहे हे मेंदू ओळखतो. ड्रोनच्या मोजणीचा पायाही हाच. ड्रोन एका रांगेत पुढे जात दर काही मीटरवर खाली फोटो काढतो, मग शेजारची रांग पकडून परत येतो. जमिनीवरचा एकच दगड पाच, सात, कधी पंधरा फोटोंत येतो, प्रत्येकात जरा वेगळ्या कोनातून. संगणकातला प्रोग्रॅम असे लाखो समान बिंदू शोधतो आणि दोन गोष्टी एकाच वेळी सोडवतो : प्रत्येक फोटो काढताना कॅमेरा नेमका कुठे आणि कसा होता, आणि प्रत्येक बिंदू अवकाशात कुठे आहे. या विद्येला फोटोग्रॅमेट्री म्हणतात. ती काही ड्रोनबरोबर आलेली नाही. फ्रान्समध्ये एमे लोसेदा यांनी एकोणिसाव्या शतकातच फोटोंवरून नकाशे काढायची पद्धत बसवली होती, आणि नादार यांनी १८५८ मध्ये बलूनमधून पॅरिसजवळ फोटो काढला होता. तेव्हा हाताने करायचं ते आकडेमोडीचं काम आता संगणक करतो, एवढाच फरक आहे.

यातून तीन वस्तू हाती येतात. बिंदूंचा ढग, म्हणजे पॉइंट क्लाउड. त्यावरून तयार होणारं उंचीचं मॉडेल. आणि ऑर्थोफोटो : सगळे फोटो सरळ करून जोडलेलं असं चित्र, ज्यावर कुठेही पट्टी ठेवली तरी अंतर बरोबर येतं. साध्या हवाई फोटोत हे होत नाही. त्यात उंच इमारती बाहेरच्या बाजूला कललेल्या दिसतात आणि टेकडीचा माथा पायथ्यापेक्षा मोठ्या प्रमाणात उमटतो.

एका पिक्सेलमध्ये किती जमीन

आता चुकीच्या हिशेबाकडे येऊ. फोटोतला एक पिक्सेल जमिनीचा किती भाग व्यापतो, या मापाला जीएसडी (ग्राउंड सॅम्पलिंग डिस्टन्स) म्हणतात. तो काढणं सोपं आहे. सेन्सरवरच्या एका पिक्सेलची रुंदी घ्या, तिला उड्डाणाच्या उंचीने गुणा आणि लेन्सच्या फोकल लांबीने भागा. डीजेआय या कंपनीचा फँटम ४ आरटीके हा २०१८ मध्ये आलेला ड्रोन उदाहरणासाठी चांगला, कारण त्याच्यावर कितीतरी लोक हे काम शिकले. त्याचा सेन्सर १३.२ मिलिमीटर रुंद, त्यावर आडवे ५४७२ पिक्सेल, लेन्स ८.८ मिलिमीटरची. १०० मीटर उंचीवरून एक पिक्सेल २.७४ सेंटिमीटर जमीन व्यापतो. उंची निम्मी केली की जीएसडीही निम्मा.

इथे बहुतेकांची पहिली गफलत होते. जीएसडी २.७४ सेंटिमीटर आला म्हणजे नकाशा २.७४ सेंटिमीटरपर्यंत बरोबर, असं धरलं जातं. जीएसडी फक्त सांगतो की फोटोत किती बारीक दिसेल. ते जिथे दिसतंय तिथेच आहे का, हा वेगळा प्रश्न. सगळं काम नीट केलं, तर आडव्या मापात एक ते दोन जीएसडीइतकी आणि उंचीत दीड ते तीन जीएसडीइतकी चूक धरून चालायचं, असा साधारण आडाखा आहे. उंचीत चूक नेहमीच जास्त असते, कारण उंची त्या अंगठ्याच्या खेळातून, फोटोंमधल्या लहानशा कोनातून निघते. उंचीतली चूक पाच सेंटिमीटरच्या आत हवी असेल, तर जीएसडी दोन सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. वरच्या कॅमेऱ्यासाठी याचा अर्थ साधारण ७० मीटर उंची.

आणि उंची कमी करण्याची किंमत मोजावी लागते. तीही आकड्यात पाहू. १०० मीटरवरून एक फोटो जमिनीवर सुमारे १५० बाय १०० मीटर व्यापतो. पुढच्या दिशेने ८० टक्के आणि शेजारच्या रांगांमध्ये ७० टक्के ओव्हरलॅप (एका फोटोतला जो भाग पुढच्या फोटोतही येतो तो) ठेवला, तर दोन फोटोंत २० मीटर आणि दोन रांगांत ४५ मीटर अंतर पडतं. हेक्टरी सुमारे ११ फोटो. ५० मीटरवर आलात की दोन्ही अंतरं निम्मी होतात आणि हेक्टरी ४४ फोटो लागतात. ४० हेक्टरच्या कामाला साडेचारशेच्या जागी पावणेअठराशे फोटो. उड्डाणाचा वेळ दुप्पट, बॅटऱ्या दुप्पट, संगणकाचं काम चौपट. म्हणून चांगला कॅमेरा हा वेळ वाचवणारा कॅमेरा असतो. पूर्ण फ्रेमचा, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, ४५ मेगापिक्सेलचा झेनम्यूस पी१ हा कॅमेरा ३५ मिलिमीटर लेन्सने १०० मीटरवरून सव्वा सेंटिमीटरचा जीएसडी देतो. म्हणजे २०० मीटरवरून अडीच सेंटिमीटर मिळतात, अर्थात तिथल्या नियमांत तेवढ्या उंचीची परवानगी असेल तर.

मेगापिक्सेलच्या आकड्यावर मात्र भाळू नका. बोटाच्या नखाएवढ्या सेन्सरवर ४८ मेगापिक्सेल कोंबले, तर प्रत्येक पिक्सेलला प्रकाश कमी मिळतो आणि कडा मऊ पडतात. समान बिंदू शोधणाऱ्या प्रोग्रॅमला तर कडाच लागतात. सेन्सरचा आकार विचारा, लेन्स न बदलणारी आणि फोकस एका जागी पक्का ठेवता येणारी आहे का ते विचारा. उडताना फोकस सरकत राहिला तर लेन्सचं गणित दर फोटोला बदलतं, आणि प्रोग्रॅम ते गणित सगळ्या फोटोंना एकच आहे असं धरून चालतो.

शटर

कॅमेऱ्याबाबत एकच गोष्ट विचारायची मुभा मिळाली, तर मी शटरविषयी विचारेन. बऱ्याच लहान ड्रोनमध्ये सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचला जातो. याला रोलिंग शटर म्हणतात. समजा सगळ्या ओळी वाचायला सेकंदाचा तिसावा भाग लागला. ड्रोन सेकंदाला १० मीटर वेगाने चाललाय. पहिली ओळ वाचली तेव्हा कॅमेरा जिथे होता, शेवटची ओळ वाचताना तो तिथून ३३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. एकाच फोटोचं डोकं एका जागेवरून काढलेलं आणि पाय दुसऱ्या जागेवरून. डोळ्यांना फोटो ठीकच दिसतो, पण २.७४ सेंटिमीटरच्या पिक्सेलमध्ये हा बाक बारा पिक्सेलचा आहे. प्रोग्रॅममध्ये याची दुरुस्ती करायची सोय असते आणि ती बऱ्यापैकी काम करते, तरी ती अंदाजानेच केलेली दुरुस्ती असते. यांत्रिक शटर असलेल्या कॅमेऱ्यात, किंवा सगळा सेन्सर एकाच क्षणी टिपणाऱ्या ग्लोबल शटरच्या कॅमेऱ्यात, हा प्रश्नच उद्भवत नाही. मॅव्हिक ३ एंटरप्राइज हा लहानसा ड्रोन मोजणीवाल्यांनी चटकन उचलला, त्याचं एक मोठं कारण त्यातलं यांत्रिक शटर.

शटर किती वेळ उघडं राहतं हेही पाहायचं. सेकंदाचा हजारावा भाग असेल तर १० मीटर वेगात फोटो एक सेंटिमीटर पुसट होतो, ते चालतं. ढगाळ संध्याकाळी तेच २५० वा भाग झालं की चार सेंटिमीटर, म्हणजे दीड पिक्सेल. अशा वेळी वेग कमी करावा किंवा दुसऱ्या दिवशी यावं.

जागा कशी कळते

साध्या जीपीएसवर चालणाऱ्या ड्रोनला स्वतःची जागा दोनतीन मीटरच्या फरकाने कळते. नकाशाचा आकार त्यातूनही सुबक येतो, पण अख्खा नकाशा जमिनीवरून सरकलेला असू शकतो. यावर जुना आणि आजही भक्कम उपाय म्हणजे ग्राउंड कंट्रोल पॉइंट : जमिनीवर काळ्या-पांढऱ्या चौकटीच्या खुणा ठेवायच्या, त्यांचं स्थान रोव्हरने (काठीवर बसवून फिरवायच्या अचूक उपग्रह-रिसीव्हरने) किंवा टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीने) काटेकोर मोजायचं आणि फोटोंमध्ये त्या दाखवून नकाशा त्यांना बांधायचा. ६० सेंटिमीटरची चौकट १०० मीटरवरून सुमारे २२ पिक्सेलची दिसते, म्हणजे तिच्या मधोमध बोट ठेवणं सोपं जातं.

दुसरा मार्ग म्हणजे आरटीके किंवा पीपीके असलेला ड्रोन. दोन्हींत कल्पना एकच. जमिनीवर माहीत असलेल्या जागी एक बेस रिसीव्हर उभा असतो. उपग्रहांच्या लहरींत वातावरणामुळे जी चूक येते, ती बेसलाही येते आणि ड्रोनलाही, जवळजवळ सारखीच. बेसला आपली खरी जागा माहीत असल्याने चूक किती ते कळतं आणि ड्रोनच्या मापातून ती वजा करता येते. आरटीकेत ही वजाबाकी उडतानाच होते, रेडिओ किंवा मोबाइल नेटवर्कवरून. पीपीकेत दोघेही आपापली नोंद साठवतात आणि हिशेब घरी येऊन होतो. चांगल्या रिसीव्हरची आडवी चूक एक सेंटिमीटर, उभी दीड सेंटिमीटर, शिवाय बेसपासून दर किलोमीटरला एक मिलिमीटर, असा दर्जा साधारण लिहिलेला असतो. मला स्वतःला पीपीके जास्त भरवशाचं वाटतं. डोंगराआड रेडिओ तुटला, नेटवर्क गेलं, तरी नोंद शाबूत राहते. शक्य असेल तर दोन्हींची सोय असलेलाच ड्रोन घ्यावा, आणि मूळ उपग्रह-नोंदींची फाइल बाहेर काढता येते याची खात्री करावी.

पण ड्रोनवर ‘आरटीके’ लिहिलंय एवढ्याने भागत नाही. रिसीव्हरला जागा कळते ती त्याच्या अँटेनाची. आपल्याला हवी असते ती कॅमेऱ्याची, आणि तीही शटर उघडलं त्या नेमक्या क्षणाची. १० मीटर वेगात शटरची वेळ नोंदवण्यात सेकंदाच्या विसाव्या भागाची गडबड झाली, तर जागा अर्ध्या मीटरने चुकते. मग सेंटिमीटरच्या अचूकतेचा रिसीव्हर बसवून काय मिळवलं? म्हणून विचारायचा खरा प्रश्न असा : शटरचा क्षण रिसीव्हरच्या घड्याळात नोंदवला जातो का, आणि ड्रोन कलला असताना अँटेना ते कॅमेरा हे अंतर हिशेबात धरलं जातं का? साध्या ड्रोनवर नंतर चिकटवलेल्या आरटीके किटमध्ये नेमकं इथेच पाणी मुरतं.

एका कामाची आठवण अजून ताजी आहे. ऑर्थोफोटो काचेसारखा स्वच्छ, प्रोग्रॅमच्या अहवालात सगळे आकडे सेंटिमीटरमध्ये, सगळे फोटो ‘फिक्स’ स्थितीत, म्हणजे रिसीव्हरच्या मते जागा सेंटिमीटरपर्यंत पक्की. जाताना मी सवयीप्रमाणे पाच खुणा वेगळ्या मोजून ठेवल्या होत्या, नकाशा बांधायला न वापरता फक्त तपासायला. त्या ताडून पाहिल्या तर पाचही खुणा एकाच दिशेला सव्वा मीटर सरकलेल्या. पाच खुणा एकाच दिशेला, एकाच मापाने सरकतात तेव्हा दोष कॅमेऱ्याचा नसतो, मुळाचा असतो. बेस ज्या खुणेवर उभा केला होता, तिचे माहीत असलेले निर्देशांक आम्ही टाकलेच नव्हते. बेसने उपग्रहांवरून स्वतःच काढलेली ढोबळ जागा खरी मानली होती आणि ड्रोनने बेसच्या संदर्भात अगदी अचूक काम केलं होतं. मूळ नोंदी हाताशी असल्याने खरे निर्देशांक घालून हिशेब पुन्हा केला आणि काम वाचलं. त्या पाच खुणा नसत्या, तर तो सुंदर नकाशा तसाच दिला गेला असता, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

म्हणून आरटीके ड्रोन आहे, आता जमिनीवरच्या खुणा नकोत, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. नकाशा बांधण्यासाठी खुणा कमी लागतील, कधी अजिबात लागणार नाहीत. तपासण्यासाठी मात्र लागतातच. आणि त्या फक्त कडेला नकोत, मधोमधही हव्यात. सगळे फोटो सरळ खाली पाहत काढले आणि लेन्सचं गणित जरा बिघडलं, तर सपाट मैदान नकाशात उथळ वाडग्यासारखं किंवा घुमटासारखं फुगलेलं येतं. कडेच्या खुणा बरोबर बसतात आणि मधली जमीन वर किंवा खाली जाते. काही फोटो तिरपे काढले की हा दोष पुष्कळ कमी होतो, त्यामुळे कॅमेरा हव्या त्या कोनात वळवता येणारा गिम्बल उपयोगी पडतो.

उंचीबाबत अजून एक सावधगिरी. उपग्रह जी उंची देतात ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. या दोन्हींतला फरक जगात ठिकाणागणिक बदलतो : भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात समुद्रपातळी त्या लंबगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली जाते, तर न्यू गिनीजवळ सुमारे ८५ मीटर वर येते. पाणी कुठून कुठे वाहील हे ठरवायचं असेल तर योग्य जिऑइड मॉडेल (ठिकाणागणिक हा फरक किती ते सांगणारं मॉडेल) लावून उंची बदलून घ्यावी लागते. हे काम ड्रोनचं नाही, पण ज्याने ड्रोन घेतला त्याच्याच गळ्यात ते पडतं.

चार पंखे की लांब पंख

मल्टिरोटर, म्हणजे चार किंवा सहा पंख्यांचा ड्रोन, जागच्या जागी वर चढतो, हवेत थांबतो, लहानशा मोकळ्या जागेत उतरतो. इमारती, पूल, खाणीची भिंत, खडीचे ढीग, शे-पन्नास हेक्टरपर्यंतची जमीन, या सगळ्याला तो पुरतो. त्याची अडचण अशी की हवेत तरंगत राहण्यातच त्याची बहुतेक ताकद जाते. वरच्या उदाहरणातला ड्रोन सेकंदाला १० मीटर वेगाने ४५ मीटरची पट्टी कापतो, म्हणजे मिनिटाला २.७ हेक्टर. माहितीपत्रकात ३० मिनिटं लिहिलेली असली तरी चढणं, उतरणं, वळणं आणि पाव बॅटरी शिल्लक ठेवणं धरून हाती १५ मिनिटं उरतात असं समजा, म्हणजे एका बॅटरीत ४० हेक्टर. वारा असला की तेही घटतं. माहितीपत्रकातला वेळ वारा नसताना मोजलेला असतो, हे कधी विसरू नये.

लांब पंखांचा ड्रोन, फिक्स्ड-विंग, विमानासारखा वाऱ्यावर तोलला जातो. त्यामुळे तेवढ्याच बॅटरीत कितीतरी जास्त जमीन उरकते. शेकडो हेक्टरची कामं रोज असतील तर तोच परवडतो. पण त्याला थांबता येत नाही, फार हळू उडता येत नाही, आणि उतरायला लांबलचक मोकळी पट्टी लागते. सेकंदाला १६ मीटर वेगाने उडताना दर १० मीटरवर फोटो हवा असेल तर कॅमेऱ्याने दर ०.६ सेकंदाला फोटो काढायला हवा. बरेच कॅमेरे इथे दमतात. विंगट्रा वनसारखे ड्रोन सरळ उभे वर चढतात आणि मग विमानासारखे उडतात. उतरण्याची अडचण त्यांनी सोडवली आहे, पण चढता-उतरताना त्यांचे रुंद पंख वाऱ्याला अडवतात आणि किंमतही मोठी असते. दिवसाला ४०-५० हेक्टरहून जास्त काम क्वचितच येत असेल, तर मी मल्टिरोटरच घ्यायला सांगतो. अडचणीच्या जागी तो निभावून नेतो, आणि मोजणीची कामं बहुधा अडचणीच्याच जागी असतात.

जमीन चढ-उताराची असेल तर भूप्रदेशानुसार उंची बदलत उडण्याची सोय हवीच. १०० मीटरवर आखलेल्या उड्डाणात खालची टेकडी ५० मीटर उंच निघाली, तर माथ्यावर कॅमेऱ्याची उंची निम्मी राहते. फोटोची पट्टी निम्मी होते, रांगांमधलं अंतर तेवढंच राहतं. ७० टक्के आखलेला शेजारचा ओव्हरलॅप माथ्यावर ४० टक्क्यांवर येतो आणि नकाशात नेमकी तिथेच भोकं पडतात.

झाडाखालची जमीन

फोटोत जे दिसतं तेच मोजता येतं. जमिनीवर झाडी असेल तर फोटोग्रॅमेट्रीने झाडांचे शेंडे मोजले जातात. तिथे लायडार लागतो. तो लेसरचे झटके खाली सोडतो आणि परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात १५ सेंटिमीटर, इतकं ते घड्याळ काटेकोर असावं लागतं. एकाच झटक्याचा काही भाग पानावरून परततो, काही फांदीवरून, काही थेट मातीवरून. लायडार चालेल का हे ओळखायची एक साधी खूण आहे. झाडाखाली उभं राहून वर बघा. पानांच्या फटींतून आभाळाचे तुकडे दिसत असतील तर लेसरही त्या फटींतून खाली पोहोचेल. गुडघाभर गच्च गवतात मात्र त्यालाही वाट सापडत नाही, तिथे गवताची वरची पातळीच जमीन म्हणून नोंदली जाते. विजेच्या तारांसारख्या बारीक वस्तूही फोटोंपेक्षा लायडारमध्ये चांगल्या उमटतात.

लायडार घेताना सेकंदाला किती लाख बिंदू, या आकड्याभोवती सगळी बोलणी फिरतात. त्याहून महत्त्वाचा असतो त्याच्यासोबतचा आयएमयू, म्हणजे ड्रोनचा कल मोजणारा भाग. लेसर कुठल्या कोनात गेला हे ०.०३ अंशाने चुकलं, तरी १०० मीटरवरून बिंदू पाच सेंटिमीटर बाजूला पडतो. लायडारच्या किंमतींत जी प्रचंड तफावत दिसते, तिचा मोठा वाटा इथे असतो. झाडी नसेल, तारा नसतील, तर लायडारवर पैसे घालण्याआधी दहादा विचार करा. उघड्या जमिनीवर चांगला कॅमेरा तेवढीच अचूकता देतो आणि वर रंगीत ऑर्थोफोटोही मिळतो.

खरेदीआधीच्या लहान चौकशा

उड्डाणाचा आराखडा बनवणारं ॲप कुठल्या फायली स्वीकारतं, फोटोंमध्ये स्थानाची नोंद कशी लिहिली जाते, दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये ती उघडते का, हे आधी पाहा. मेटाशेप, पिक्सफोरडी हे विकतचे प्रोग्रॅम आहेत, ओपनड्रोनमॅप मोफत आणि खुला आहे. कुठलाही घ्या, संगणक तगडा लागेल, आणि त्याचा खर्च ड्रोनच्या खर्चातच धरायला हवा. बॅटऱ्यांचा संच किमान तीनचारचा असावा. विमानाने प्रवास करून कामं करणार असाल तर बॅटरीवरचा वॅट-तासांचा आकडा वाचा : १०० पर्यंतच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात नेता येतात, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढच्या प्रवासी म्हणून नेता येत नाहीत. मॅट्रिस ३५० आरटीकेसारख्या मोठ्या ड्रोनच्या बॅटऱ्या अडीचशेच्या पुढे आहेत. दुरुस्ती कुठे होते, किती दिवस लागतात, सुटे भाग मिळतात का, हे विक्रेत्याला नव्हे, तो ड्रोन वर्षभर वापरलेल्या माणसाला विचारा. उड्डाणाचे नियम प्रत्येक देशात वेगळे, आणि ते बहुतेक वेळा ड्रोनच्या वजनावर ठरतात, त्यामुळे वजनाचा गट पाहिल्याशिवाय मॉडेल पक्कं करू नये.

पैसे देण्याआधी मात्र एक चाचणी उड्डाण मागा, तुमच्या कामासारख्याच जमिनीवर. चारपाच हेक्टर पुरे. सपाट भाग हवा, थोडा चढ हवा, एखादा ढीग असला तर उत्तम. सकाळी लवकर जाऊन पंधरावीस खुणा तुमच्या स्वतःच्या रोव्हरने मोजून ठेवा, कडेला, मधोमध, वर आणि खाली. त्यांतल्या चारपाचांचेच निर्देशांक ड्रोनवाल्यांना द्या, बाकीचे खिशात ठेवा. नकाशा तयार होऊन आला की खिशातल्या खुणा त्यावर शोधा आणि प्रत्येकीसमोर फरक लिहा, आडवा वेगळा आणि उभा वेगळा. सरासरी काढू नका, कारण अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात. प्रत्येक फरकाचा वर्ग करा, त्यांची सरासरी घ्या, मग वर्गमूळ काढा. त्या आकड्याशेजारी, ड्रोन पाहायच्याही आधी ठरवलेला तुमचा आकडा लिहा. मग सगळ्यात मोठा फरक ज्या खुणेवर आला, तिथे प्रत्यक्ष चालत जा आणि तिथे काय आहे ते पाहा.